कचेरी नसलेल्या तालुक्याचे मोरितासान

घरातून बाहेर पडताना मी आजही गॅसच्या शेगडीपुढे ताठ उभा राहतो, उजवा हात खांद्याइतका वर करतो, बोट सिलिंडरच्या बटणावर रोखतो आणि मोठ्याने म्हणतो, "बंद. ठीक." मग खिडकीकडे वळून, "उघडी. ठीक." मग कडीकडे. आमच्या दापोलीच्या बिल्डिंगीत भिंती पातळ, सगळं खाली ऐकू जातं. खालच्या मजल्यावरच्या वैद्य मास्तरांनी एकदा मला जिन्यात अडवून विचारलंच, "इब्राहिमभाई, रोज सकाळी कुणाशी बोलता हो?" मी म्हटलं, "एका जपानी माणसाशी." मास्तर हसले. मी काही थट्टा करत नव्हतो.

त्यांचं नाव मोरिता. 'सान' म्हणजे त्यांच्याकडचं 'राव', म्हणून आम्ही सगळे मोरितासान म्हणायचो. सौदीत दम्मामहून कतीफकडे जाताना समुद्राच्या कडेला खारं पाणी गोडं करायचा एक छोटा खासगी कारखाना होता. मी तिथे स्टोअरकीपर आणि ते पंपांचे मालक. मालक म्हणजे पगारी नोकरच, पण त्यांना न विचारता कुणी पंपाला हात लावला तर त्यांचा चेहरा असा व्हायचा की आमचा कफीलसुद्धा हात मागे घ्यायचा. ज्याच्या नावावर आमचा त्या मुलखातला मुक्काम आणि ज्याच्या कपाटात आमचे पासपोर्ट, तो कफील. तो हात मागे घेतो म्हणजे बघा.

पाच फुटांचा, साठीला टेकलेला माणूस. गळ्यात पांढरा टॉवेल, कानावर पेन्सिल. आम्ही मशिदीच्या दाराशी चपला काढतो तसे ते पंपघराच्या दाराशी बूट काढायचे आणि मोज्यांवर आत जायचे. इंग्रजी तोडकंमोडकं, त्यात आमच्याकडून उचललेली हिंदी आणि बाजारातली अरबी. काम झालं की 'खलास', निघायचं झालं की 'यल्ला'. मी इथे त्यांचं बोलणं सरळ मराठीत लिहितोय, नाहीतर कुणालाच काही कळायचं नाही. आम्ही एकाच बिल्डिंगीत राहायचो, मी पहिल्या मजल्यावर, ते चौथ्या. माझी बायको रुकय्या सुकट भाजायला लागली की वास वर जायचा आणि पाच मिनिटांत हे दाराशी हजर. हातात स्वतःची वाटी. "भाभीसान, समुद्राचा वास आला," म्हणायचे. रुकय्या मला म्हणायची, "बघा, हा माणूस तरी माझ्या हाताची कदर करतो."

आता ते बोट दाखवणं. पंप सुरू करायच्या आधी मोरितासान प्रत्येक व्हॉल्व्हपुढे उभे राहायचे, हात ताठ करून बोट रोखायचे आणि ओरडायचे, "उघडा. ठीक!" मग दाबाचा काटा: "चार. ठीक!" एकटे असले तरीही. आम्हाला सुरुवातीला हसू आवरायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करायचो, गळ्यात टॉवेल टाकून. एकदा मी असाच रंगात आलो होतो आणि ते मागे येऊन उभे राहिले. समोरच्यांनी माना ताटात घातल्या. माझी जीभ लांब, मागे कसा हटणार? मी त्यांच्याकडेच बोट रोखलं आणि ओरडलो, "मोरितासान. आहे. ठीक!"

ते रागावले नाहीत. त्यांनी मान खाली घालून स्वतःकडे नीट बघितलं, बुटांपासून टॉवेलपर्यंत. घड्याळात बघितलं. मग अगदी गंभीरपणे मान हलवली. "होय. आहे." सगळी मंडळी हसली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "एब्राहिमसान, तोंड एकटं असलं की खोटं बोलतं. बोट पुढे गेलं की डोळ्याला मागोमाग जावंच लागतं. आमच्या रेल्वेत शिकवतात." म्हणजे पूर्वी हे रेल्वेत होते, ते मला तेव्हा कळलं. रेल्वे का सोडली ते काही बोलले नाहीत.

त्यांच्या गावाचं कळलं ते एका पुठ्ठ्यामुळे. पंपाचे सुटे भाग आले होते, त्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलने नकाशा काढला आणि पंपघराच्या भिंतीला लावला. मी विचारलं, "हे काय, नवी पाइपलाइन?"

"ओकुमिने गुन. माझा मुलूख."

गुन म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला अर्धा तास लागला. जिल्ह्याच्या पोटात असतो, गावं त्याच्या पोटात असतात. मी म्हटलं, "मग सरळ तालुका म्हणा की! तहसीलदार कुठे बसतो?"

"तहसीलदार नाही."

"कचेरी?"

"नाही."

"तलाठी, शिपाई, कुणीच नाही? मग दाखला कुणाकडे मागायचा?"

"गावाकडे. गुनकडे काही नाही. पूर्वी होतं. आता फक्त पत्त्यात लिहायचं."

मला इतकं हसू आलं की विचारू नका. ज्या तालुक्यात कचेरी नाही, शिक्का नाही, चकरा मारायला लावणारा कारकून नाही, तो तालुका कसला! मोरितासानही हसले. म्हणाले, पूर्वी गुनमध्ये सात गावं होती. एकेक करून शेजारच्या शहराच्या हद्दीत गेली. आता एक कसबा आणि एक खेडं, दोनच उरलीत. तीही गेली की गुनचं नावही पत्त्यातून जाईल.

मग त्यांनी बोट ठेवून सगळा तालुका मला दाखवला. उत्तरेला घाट, तो डिसेंबरात बर्फाने बंद होतो आणि एप्रिलात उघडतो. पूर्वेला तीन डोंगर, मधल्याची सावली सकाळी दहापर्यंत कसब्यावरून हटत नाही. नदी पूर्वेकडून येते, कसब्याला वळसा घालते आणि पश्चिमेच्या फटीतून खाली मैदानात उतरते. नदीच्या कडेने भाताच्या खाचरांच्या पायऱ्या, त्यावर देवदारासारख्या उंच झाडांचं रान. दक्षिणेला रूळ, एकच स्टेशन, दिवसाला सहा गाड्या. बर्फ किती पडतो म्हणून विचारलं तर त्यांनी हात छताकडे नेला. खालची दारं गाडली जातात, माणसं माडीच्या खिडकीतून ये-जा करतात. आमच्या कोकणातल्या पावसाच्या फुशारक्या मी तिथेच गिळल्या.

"आणि तुमचं घर कुठे यात?" मी विचारलं. पुठ्ठ्यावर शाळा होती, देऊळ होतं, भात सडायची गिरणी होती, घर नव्हतं.

"पंप बघायचाय," म्हणाले आणि उठले.

त्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. नकाशात दम्माम तिथून किती जवळ आहे, हे मी तोवर कधी मोजलं नव्हतं. रोज नवी बातमी, रोज नवी अफवा. रस्त्यावर फौजांच्या गाड्या, दुकानात चिकटपट्टी नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत. लोक बायकामुलांना मायदेशी धाडायला लागले. रुकय्याच्या भावाने खेडहून तिसऱ्यांदा फोन केला: "भावजी, बहिणीला आणि पोरीला पाठवा. तुम्हाला राहायचं तर राहा." आमची नाझ तेव्हा सात वर्षांची. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "काही होत नाही रे. पोरीची शाळा बुडेल. घाबरट लोक पळतायत." खरं सांगायचं तर मला त्या रिकाम्या घराची भीती वाटत होती. एकट्याने सायरन ऐकायची माझी छाती नव्हती. ते कबूल करायच्या ऐवजी मी मर्दानगी दाखवली.

जानेवारीत लढाई सुरू झाली आणि विमानतळ आमच्यासारख्यांना बंद झाला. आता पाठवायचं म्हटलं तरी वाट नव्हती. पहिला सायरन वाजला तेव्हा माझे पाय अक्षरशः जागच्या जागी राहिले. रुकय्याने नाझला उचललं, माझ्याकडे एकदा बघितलं.  शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दोघींना काही झालं तर ते माझ्या तोंडामुळे, हे मला दिवसरात्र टोचत होतं.  

क्षेपणास्त्रांत विषारी वायू असणार, असं जो तो सांगत होता. कंपनीने कामगारांना वायूचे मुखवटे वाटले, माणशी एक. कुटुंबांना नाही. मी माझा घेऊन घरी आलो आणि टेबलावर ठेवला. तीन माणसं आणि एक मुखवटा.  तेवढ्यात मोरितासान आले, हातात त्यांचा मुखवटा.

"भाभीसान, हा तुम्ही घ्या. माझं नाक चपटं. नीट बसत नाही."

"आणि तुम्ही?"

"ओला टॉवेल," म्हणाले आणि गळ्यातला टॉवेल दाखवला.

नाक चपटं म्हणे! कंपनीत मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तो मुखवटा त्यांना चांगला बसत होता. पण मी 'नको' म्हणालो नाही. त्या दिवशी मला 'नको' म्हणण्याइतकी लाज उरली नव्हती. नाझच्या मापाचा मात्र कुठेच मिळाला नाही. मोठा मुखवटा तिच्या गालावरून निसटायचा.

म्हणून खोली. माझ्या घरातली आतली खोली लहान, एकच खिडकी, तिच्यावर हवेसाठी हातभर झडप. मोरितासानांच्या खोल्यांना सगळीकडे काचा, म्हणून सायरन झाला की तेही खाली आमच्याकडे यायचे. खिडकीला आम्ही आतून प्लास्टिक ठोकलं, फटींना चिकटपट्टी लावली. त्यांनी नियम घालून दिला. सायरन झाला की झडप बंद, वर पट्टी, दाराखाली ओला टॉवेल. धोका टळल्याचा भोंगा झाला की झडप उघडायची, ताबडतोब. "बंद खोली जास्त वेळ नाही," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मी वैतागलो. आणि हे काम त्यांनी नाझवर सोपवलं. नाझ पलंगावर चढायची, छोटं बोट रोखायची आणि सायरनच्या वरताण ओरडायची, "क्लोज्ड! ठीक!" भोंग्यानंतर, "ओपन! ठीक!" तेवढा वेळ ती रडायची विसरायची.

बाकीचा वेळ तालुका. आम्ही चौघं भिंतीला पाठ लावून बसायचो, बाहेर कुठेतरी धडाम व्हायचं, काचा थरथरायच्या आणि मोरितासान विचारायचे, "नाझसान, उत्तरेला?"

"घाट! डिसेंबर टू एप्रिल बंद!"

"पूर्वेला?"

"तीन डोंगर. बीचवाल्याची शॅडो दस बजे जाती है."

"नदी?"

आणि ती नदी पूर्वेकडून आणून पश्चिमेला सोडायची. एकदा मोठा आवाज झाला आणि तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. ती रुकय्याच्या कुशीत शिरली. मोरितासानांनी ओल्या टॉवेलमधून विचारलं, "एब्राहिमसान, तुमचा तालुका?" मी घाबरून म्हटलं, "पूर्वेला मंडणगड..." रुकय्या मुखवट्याच्या आतून गरजली, "काय सांगताव? मंडणगड उत्तरेला! पूर्वेला खेड! माझं माहेर पण विसरलाव?" नाझ खुदकन हसली. मी चाळीस वर्षांचा घोडा, त्या दिवशी मला माझा तालुका पाठ झाला: उत्तरेला मंडणगड, पूर्वेला खेड, दक्षिणेला दाभोळची खाडी, पश्चिमेला समुद्र.

त्यांच्या जपानी कंपनीने एव्हाना आपल्या सगळ्या माणसांना लढाईपासून लांब, जेद्दाला हलवलं होतं. बस दाराशी आली होती. हे गेले नाहीत. कुवेतकडून समुद्रात सोडलेल्या तेलाचा तवंग खाली सरकत होता. आमच्या पंपांनी ते तेल ओढलं असतं तर तीन लेबर कॅम्पांचं पाणी बंद पडलं असतं. "पंप सोडून कसं जायचं?" एवढंच म्हणाले. रोज सकाळी धक्क्यावर उभे राहून ते तेल अडवणाऱ्या एकेका तरंगत्या ओंडक्याकडे बोट रोखायचे. आता त्यांना कुणी हसत नव्हतं.

फेब्रुवारीतली ती सकाळ. नाझला दोन दिवस ताप आणि छातीत कफ. थंडी मी म्हणत होती आणि विजेचा हीटर आदल्या दिवशीच जळाला होता. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या सुमाराला सायरन झाला. मोरितासान रात्रपाळीला कारखान्यात होते. आम्ही तिघं खोलीत गेलो, झडप बंद केली, पट्टी लावली. वीस मिनिटांनी धोका टळल्याचा भोंगा झाला. नाझ तापात झोपलेली, तिला कोण उठवणार? रुकय्याने स्वयंपाकघरात कोळसे पेटवले, निखारे फुलल्यावर शेगडी खोलीत आणली आणि ऊब राहावी म्हणून दार लावलं. आपल्याकडे लहान पोराची छाती भरली की ओव्याची पुरचुंडी निखाऱ्यावर गरम करून शेकतात, तसं ती शेकत बसली. खोली उबदार झाली. ओव्याच्या वासाने मला घरची आठवण आली. मी भिंतीकडे तोंड करून आडवा झालो होतो.

"आवो, झडप उघडलीत ना?" तिने विचारलं.

"उघडली गो," मी म्हटलं.

खोटं बोललो नाही हो. मला खरंच वाटलं, उघडली. रोज उघडत होतो ना! पण मी मान वळवून बघितलं नाही. डोळे मिटलेले होते आणि तोंड एकटं बोललं.

जाग आली ती धडधड आवाजाने. बाहेरचं दार कुणीतरी तोडत होतं आणि त्याच्यावर दुसरा सायरन किंचाळत होता. खिडकीच्या प्लास्टिकमागे उजाडलेलं. माझं डोकं ठणकत होतं. भिंत धरून गेलो, दार उघडलं. मोरितासान, पाळी संपवून आलेले, तोंडाला ओला टॉवेल. आम्ही दोघं आतल्या खोलीत शिरलो आणि सवयीने मी पहिलं काम केलं: दार लावून टॉवेल खाली सारला.

मोरितासान शेगडीकडे बघत होते. मग रुकय्याकडे. ती भिंतीला टेकून बसली होती, "डोकं फुटतंय माझं" असं काहीतरी पुटपुटत होती. मग नाझकडे. नाझ हलत नव्हती.

"हवा?" त्यांनी मला विचारलं.

"झडप उघडी आहे," मी म्हटलं.

त्यांनी हात वर केला. बोट रोखलं. बोटामागे माझे डोळे गेले. झडप बंद होती, वरची पट्टी मीच लावलेली, चारी बाजूंनी, दोनदा.

पुढचं झटकन झालं. ते पलंगावर चढले आणि त्यांनी पट्टी नखांनी ओरबाडायला सुरुवात केली. बाहेर सायरन वाजतोय, आकाशातून काय येतंय ठाऊक नाही, पोरीला मुखवटा नाही, आणि हा माणूस खिडकी उघडतोय! मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मी त्यांच्या कमरेला मिठी मारून खाली ओढलं. ते सुटले, परत चढले. तेव्हा मी त्यांना मारलं. होय. साठीच्या माणसाच्या कानशिलात मारली. "पोरीला मारणार तू! पोरीला मारणार!" असं ओरडत होतो, मराठीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोपराने प्लास्टिक फाडलं, खिडकी सताड उघडली, तोंडावरचा टॉवेल काढून फेकला आणि डोकं बाहेर काढलं. एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. सायरन चालूच होता.

डोकं आत घेऊन त्यांनी आकाशाकडे बोट केलं. "हवा. आहे. ठीक."

मग शेगडीकडे बोट केलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "विष हे आहे. हे!"

त्यांनी नाझला उचलून खिडकीत धरलं, अर्धी बाहेर. मी रुकय्याला ओढत दाराबाहेर नेलं, शेगडी मोरीत टाकून पाणी ओतलं. परत आलो तेव्हा ते नाझच्या गालावर हलक्या चापट्या मारत होते आणि विचारत होते, "नाझसान, उत्तरेला? उत्तरेला?" पोर काही बोलेना. मला रडू फुटलं. माझ्या आयुष्यात इतका लांब वेळ कधी गेला नाही. "उत्तरेला, नाझसान?" मग तिला खोकला आला, ओकारी आली आणि ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घाट."

दुसऱ्या मजल्यावरच्या जगतापबाई, सरकारी हॉस्पिटलातल्या साताऱ्याच्या डॉक्टर, धावत आल्या. तिघांना तपासलं, शेगडी बघितली, पट्ट्या बघितल्या आणि मला म्हणाल्या, "कोळशाच्या वायूला वास नसतो हो. अजून अर्धा तास गेला असता, तर मी फक्त कागद लिहायला आले असते." तो दुसरा सायरन पोकळ निघाला. त्या सकाळी आकाशातून काहीही पडलं नाही.

तीन दिवस मी मोरितासानांपुढे गेलो नाही. काय तोंड दाखवणार? त्यांच्या कानाजवळ निळा डाग पडला होता, तो सगळा कारखाना बघत होता. चौथ्या दिवशी रुकय्याने भाजलेल्या सुकटीचा डबा दिला आणि मला घराबाहेर काढलं. पंपघराच्या दाराशी मी बूट काढले, आत गेलो, हात जोडले.  त्यांनी डबा उघडून वास घेतला आणि मला बसायला सांगितलं. मग कानावरची पेन्सिल काढली, पुठ्ठ्याच्या नकाशापुढे उभे राहिले आणि स्टेशनाच्या मागे एक बारीक चौकोन काढला.

"घर," म्हणाले.

मग जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं. ते चोवीस वर्षांचे, त्या स्टेशनावर नोकरीला. लग्नाला एक वर्ष झालेलं. बायकोचं नाव फुमी. त्या हिवाळ्यात बर्फ माडीपर्यंत आला होता. घरात हवा यायला बर्फातून एक भोक ठेवायचं, लांब काठीने ढोसून रोज मोकळं करायचं, ते काम यांचं. आत पाय शेकायला कोळशाची शेगडी. एका संध्याकाळी कामाला निघताना फुमीने आतून विचारलं, "भोक मोकळं आहे ना?" हे बूट घालत म्हणाले, "आहे." बघितलं नव्हतं. सकाळी बघितलं होतं, तेवढ्यावर म्हणाले. रात्रभर बर्फ पडला.

"स्टेशनात दिवसभर बोट दाखवायचो," ते म्हणाले. "सिग्नल, रूळ, दार. घरी आलो की बोट खिशात."

त्यानंतर त्यांनी रेल्वे सोडली, मुलूख सोडला. पस्तीस वर्षांत एकदाही परत गेले नाहीत. पण त्या तालुक्याचा ओढान् ओढा त्यांना तोंडपाठ होता. मला तेव्हा कळलं की आमच्या बंद खोलीत बसून ते उत्तर, पूर्व, पश्चिम का म्हणत होते. आम्हाला धीर द्यायला तर होतंच. पण बंद खोलीत ते आमच्याहून जास्त भीत होते, आणि तरी रोज खाली येत होते.  मी रडलो, त्यांनी मला त्यांचा टॉवेल दिला.

लढाई संपल्यावर ते गेले. पुढे काही वर्षं पत्रं येत राहिली. मग एका पत्रात पाठवणाऱ्याच्या पत्त्यातून 'ओकुमिने गुन' ही ओळ गायब होती; खाली लिहिलं होतं, दोन्ही गावं शहरात गेली, खलास. मी हट्टाने माझ्या पाकिटांवर ती ओळ लिहीतच राहिलो. पत्रं पोचायची. मग एक परत आलं, त्यावर मला न वाचता येणारा शिक्का होता. मी तो वाचून घेतला नाही.

त्यांना शेवटचं बघितलं ते विमानतळावर. सकाळचे अकरा, पण कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर वर पसरलेला, गाड्यांचे दिवे लागलेले. आम्ही तिघं पोचवायला गेलो होतो. रुकय्याने डबा दिला, त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "आधी ओकुमिनेला जाणार," म्हणाले. "घाट आता उघडला असेल." मग दाराशी जाऊन ते वळले. हातातली पिशवी खाली ठेवली, ताठ उभे राहिले आणि बोट रोखलं. "भाभीसान. आहे. ठीक." बोट सरकलं. "नाझसान. आहे. ठीक." मग माझ्याकडे. "एब्राहिमसान. आहे. ठीक." तिथल्या पोलिसाला काय वाटलं असेल ते असो.

मी हात वर केला. बोट पुढे गेलं आणि डोळे त्याच्या मागे गेले. तो पाच फुटांचा माणूस, गळ्यातला टॉवेल, जिथे डाग पडला होता तो कान, सगळं मी नीट बघितलं.

"मोरितासान. आहे. ठीक."

त्यांनी मान खाली घालून स्वतःकडे बघितलं, बुटांपासून टॉवेलपर्यंत. घड्याळात बघितलं. मग मान हलवली.

"होय," म्हणाले. "आहे."

आणि पिशवी उचलून आत गेले.